सीलबंद नमुना

"पास झाला, साहेब," असं म्हणून गायकवाडांनी कागद माझ्यापुढे धरला आणि हसले. सहा-सात महिन्यांच्या ओळखीत मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो.

कागद बरोबर होता. इन्स्पेक्शन स्लिप, त्यावर 'माल नमुन्याप्रमाणे आहे' असा शिक्का आणि खाली माल तपासणाऱ्या कामतची सही. फक्त वास बरोबर नव्हता. स्टोअरच्या धक्क्याला टेंपो लागला होता आणि त्यातून ओल्या गोणपाटासारखा कुबट वास येत होता. मी जाऊन आत डोकावलो. काळा पडलेला, बुरशी धरलेला पेंढा टेंपोत खच्चून भरला होता. तसला पेंढा म्हशीपुढे टाकला तर ती तोंड फिरवेल. आणि दुपारी दोन वाजता त्याच पेंढ्यात आमच्या बरण्या भरायच्या होत्या.

ही सत्तर सालानंतरची गोष्ट. कर्जत-खोपोली रस्त्यावर, खालापूरच्या हद्दीत आमचा चिनीमातीचा कारखाना होता. लोणच्याच्या बरण्या, कपबशा, दवाखान्यातली भांडी असा माल निघायचा. मी पर्चेसमध्ये होतो. पर्चेस म्हणजे कंपनीचा बाजारहाट. घरची बाई कोथिंबिरीची जुडी उलटीसुलटी करून पाहते, तेच काम आम्ही चार प्रतींत टाईप करून करायचो. थर्माकोल वगैरे तेव्हा आमच्यापर्यंत पोचलं नव्हतं. बरण्या लाकडी खोक्यात घालायच्या आणि मधल्या फटींत भाताचा पेंढा ठासायचा. पेंढा कोरडा असेल तर बरणी कलकत्त्यापर्यंत शाबूत जाते. ओला असेल तर वाटेत खाली बसतो, खोकं आतून सैल होतं, आणि बरणी आपटून फुटते. जी फुटत नाही तिला बुरशीचा वास लागतो, आणि लोणचंवाले ती तशीच परत पाठवतात.

इतकी वर्षं हा पेंढा कर्जतचा एक ठेकेदार पुरवायचा. तो गावोगावचा पेंढा गोळा करून आपल्या नावावर देई. त्या वर्षी आमच्या साहेबांनी, वाडेकरांनी, ठरवलं की थेट गावातून घ्यायचा. वाडेकर मुंबईच्या हेड ऑफिसातून आले होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या तोंडून साधं वाक्य निघत नसे. चहा मागवला तरी 'सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी' म्हणायचे. मला बहिणीच्या लग्नाची रजा दिली ती 'विदाउट प्रेज्युडिस' दिली. म्हणजे नेमकी कशी दिली हे मला आजतागायत कळलेलं नाही. आम्हीही हळूहळू तसंच बोलायला लागलो. संगत म्हणतात ती हीच.

थेट गावातून म्हणून जे पुढे आले ते धर्माजी गायकवाड. कडावजवळच्या एका वस्तीतले, पन्नाशीचे, पांढरा शर्ट आणि खिशाला पेन. वस्तीतल्या वीस-बावीस घरांचा पेंढा एकत्र करून देतो म्हणाले. यापूर्वीही ह्याच घरांचा पेंढा आमच्याकडे यायचा, पण ठेकेदाराच्या नावाने. आता कागदावर त्यांचं नाव येणार होतं, 'अप्रूव्हड व्हेंडर' म्हणून. व्हेंडर म्हणजे माल देणारा आणि अप्रूव्हड म्हणजे कंपनीच्या यादीत नाव चढलेला. त्या यादीत तोवर त्यांच्या वस्तीतलं एकही नाव नव्हतं. हे त्यांनी मला बोलून दाखवलं नाही, पण कागद हातात घेतल्यावर सगळ्यात आधी ते आपलं नाव शोधायचे आणि त्यावर बोट ठेवून मगच पुढचं वाचायचे.

मे महिन्यात रेट कॉन्ट्रॅक्टवर सह्या झाल्या. वर्षभराची अट एकदाच बांधून घेतली की त्याला रेट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. माल मात्र दिवाळीनंतर, झोडणी झाली की यायचा होता. सह्यांच्या दिवशी गायकवाडांनी मला अडीच तास बसवून ठेवलं. कागद इंग्रजीत होता. ते प्रत्येक कलमावर थांबायचे आणि म्हणायचे, "ह्याचा अर्थ सांगा."

मी थोडा वैतागलो. जेवणाची सुट्टी झाली होती, डबा टेबलावर होता. ते त्यांच्या लक्षात आलं असावं. म्हणाले, "साहेब, रागावू नका. दीक्षा घेतल्यापासनं आमच्या वस्तीचा नेम हाय. वाचल्याबिगर सही नाय. आन् सही केली, का मग मागं सरायचं नाय."

मी कलमं सांगत गेलो. सातवं कलम होतं, 'अॅज पर सील्ड सॅम्पल'. सीलबंद नमुन्याची पद्धत अशी की मालाचा एक तुकडा दोघांनी मिळून पसंत करायचा, त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, दोघांनी सह्या करायच्या आणि गाठीवर लाख ओतून मोहोर उठवायची. पुढे येणारा माल त्याच्याशी ताडून बघायचा. आम्ही पेंढ्याच्या दोन लहान पेंढ्या घेतल्या होत्या, सोन्यासारख्या पिवळ्या. एक कंपनीकडे, एक गायकवाडांकडे. वाद झाला तर कंपनीकडचा नमुना अंतिम, असं आठव्या कलमात होतं.

"नमुन्यापरमानं म्हंजी किती परमानं?" त्यांनी विचारलं.

माझं लक्ष डब्यावर होतं. मी म्हणालो, "तंतोतंत. कमी नाही, जास्त नाही."

त्यांनी मान डोलावली, खिशातलं पेन काढलं आणि ठसठशीत अक्षरांत सही केली.

कंपनीकडचा नमुना मी ऑफिसातल्या कपाटावर ठेवला. खिडकीला लागून असलेलं कपाट. वर सिमेंटचा पत्रा, आणि पत्र्याला कुठे चीर आहे हे पावसाळ्याशिवाय कळत नाही. आमच्या भागात चार महिने भिंतींना घाम फुटलेला असतो, चामड्याच्या चपलांवर हिरवं येतं. पेंढ्याचं काय होईल हे कळायला इंजिनिअर व्हायची गरज नव्हती. पण तो माझ्या दृष्टीने पेंढा राहिला नव्हता. सील्ड सॅम्पल झाला होता. फाईलवर त्याचा नंबर पडला होता, आणि नंबर पडलेल्या गोष्टीकडे आम्ही पुन्हा पाहत नसू.

डिसेंबरात गायकवाडांचा पहिला टेंपो आला. मी त्या दिवशी हेड ऑफिसला गेलो होतो. माल तपासायला कामत होता. कामत म्हणजे क्वालिटी कंट्रोलचा नवा मुलगा, दादरचा, डिप्लोमा करून नुकता लागलेला, फार प्रामाणिक. त्याने शिपायाकडून माझ्या कपाटावरचा नमुना मागवला. लाख शाबूत, सह्या शाबूत आणि आतला पेंढा काळा ठिक्कर. टेंपोतला पेंढा पिवळाधमक. दोन्ही काही जुळेनात. त्याने फॉर्म भरला, 'नॉट अॅज पर सॅम्पल', आणि माल परत पाठवला. रिजेक्शन नोट दुसऱ्या दिवशी माझ्या ट्रेमध्ये आली. तिच्यावर छापलेलं असतं, दुसऱ्यांदा माल नाकारला गेला तर पुरवठादाराचं नाव यादीतून कमी केलं जाईल. ती मी वाचली का? नाही. शिक्का मारला, पाकिटात घातली आणि पोस्टात टाकली.

आणि आज, पंधरा दिवसांनी, हा टेंपो.

मी गायकवाडांना बाजूला घेतलं. विचारलं, हा असला पेंढा आणलात तरी कुठून? तर ते उत्साहाने सांगायला लागले. नोट मिळाल्यावर ते कारखान्यात आले होते, मी जागेवर नव्हतो. कामतने त्यांना टेबलावरचा नमुना दाखवला आणि सांगितलं, असा पाहिजे. गायकवाडांनी नमुना नीट निरखला आणि घरी गेले. पण असला पेंढा ठेवतो कोण? यंदाचा सगळा पेंढा चांगला निघालेला. मग गेल्या वर्षीच्या उडव्या, म्हणजे पेंढ्याच्या रचलेल्या गंज्या, त्यांच्या तळाचा भिजून सडलेला थर त्यांनी उपसायला घेतला. तो वस्तीत पुरेना म्हणून पोशीरपर्यंत जाऊन आले. लोकांनी वेड्यात काढलं. बायको म्हणाली, कंपनीवाले दारू पिऊन लिहितात का?

"लई तरास पडला, साहेब," ते म्हणाले. "चांगला पेंढा मिळवनं सोपं हाय. ह्यो मिळवायला आठ दिस घातले. पन बगा, काडी काडी जुळवलीय."

खरंच जुळवली होती. कामत चुकला नव्हता.

हा पेंढा बरण्यांभोवती गेला तर अख्खी ऑर्डर परत येणार. आणि हा पेंढा खराब आहे असं मी वर सांगितलं तर कामत तो नाकारणार. म्हणजे दुसरी रिजेक्शन नोट. म्हणजे गायकवाडांचं नाव यादीतून गेलं. वीस-बावीस घरांपुढे त्या माणसाने मान कशी वर करायची? ठेकेदार तर वाटच पाहत होता.

एकच फट होती. कारखान्यात माल आला तरी तो लगेच कंपनीचा होत नाही. तपासणी झाली की स्टोअरकीपर जीआरएन फाडतो. गुड्स रिसीट नोट, माल ताब्यात घेतल्याची पावती. ती फाडेपर्यंत माल गेटच्या आत असूनही पाहुणा असतो. त्याआधी पुरवठादाराने तो आपणहून परत नेला तर त्याला रिजेक्शन म्हणत नाहीत. मी स्टोअरकीपरला म्हणालो, जेवून येईपर्यंत हे बुक उघडू नका. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "साळवी, काय घोळ घातलात?" पण बुक त्याने मिटलं.

मग गायकवाडांना म्हणालो, हा टेंपो परत न्या.

त्यांचा चेहरा एकदम कठोर झाला. त्यांनी स्लिपची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हात ठेवला.

"पास झालेला माल मी का परत न्यावा? तुमच्याच सायबाची सही हाय."

"गायकवाड, पेंढा खराब आहे."

"ते मला सांगता? शेतकरी हाय मी. खराब हाय ते दिसतंय मला. पन तुमी लिवलं तसा हाय का नाय?"

"तसाच आहे."

"मग?"

वीस वर्षं पर्चेसमध्ये काढलेल्या माणसाला स्वतःची चूक कबूल करायची सवय नसते. चूक नेहमी पुरवठादाराची असते, फॉर्मच तसे छापलेले असतात. मी म्हणालो, "चूक माझी आहे. नमुना मी कपाटावर ठेवला. तो पावसात सडला. मे महिन्यात आपण सह्या केल्या तेव्हा तो पिवळा होता, तुम्हाला आठवत नाही का?"

ते हळू आवाजात म्हणाले, "आठवत व्हता ना. आमच्या घरचा अजून पिवळाच हाय."

हा दुसरा नमुना माझ्या ध्यानातूनच गेला होता. नोकरीत इतकं सुटल्यासारखं मला क्वचितच वाटलं असेल. मी टेंपोत त्यांच्या शेजारी चढलो आणि ड्रायव्हरला म्हणालो, कडाव. सगळा काळा पेंढा मागे घेऊन आम्ही निघालो. जाताना गेटवर 'सॅम्पल व्हेरिफिकेशन' असं लिहून सही केली. वाडेकरांच्या संगतीचा तेवढा फायदा झाला.

तासाभरात त्यांच्या घरी पोचलो. सारवलेली ओटी, भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पत्र्याची ट्रंक. त्यांच्या पत्नीने, भागाबाईंनी, आम्हाला पाणी दिलं आणि मागचा टेंपो पाहून कपाळावर हात मारला. "परत आनला? आता काय आनखी काळा पायजे?"

"गप गं. ट्रंक उघड," गायकवाड म्हणाले.

ट्रंकेत वर मुलांचे शाळेचे दाखले होते, घराची कागदपत्रं होती. त्याखाली धुतलेल्या धोतराच्या फडक्यात, कडुनिंबाचा पाला घालून, नमुना. भागाबाईंनी तो दोन हातांनी काढून माझ्या हातात दिला. मे महिन्यात होता तसाच्या तसा. लाखेला चरा नाही. चिठ्ठीवर वाडेकरांची सही, माझी सही, आणि त्यांची.

मी विचारलं, "हा तुमच्याकडे होता, तर त्या दिवशी कामतला का नाही दाखवलात?"

गायकवाड जरा घुटमळले. "कलम आठ. कंपनीचा नमुना शेवटचा. तुमीच सांगितलं व्हतं." मग म्हणाले, "आन् मला वाटलं, ट्रंकेत कोंडून माझाच बिघडला आसंल. तुमचा तर ऑफिसात व्हता."

मी मान खाली घालून पेंढीकडे पाहत बसलो. उभा जन्म शेतात काढलेल्या माणसाने डोळ्यांना दिसणारा पिवळाधमक पेंढा खोटा मानला होता आणि आमच्या कपाटावरची घाण खरी. कारण ती आमच्या कपाटावर होती. मला फार लाज वाटली. आजही वाटते.

दीड वाजता आम्ही परत पोचलो. काळा पेंढा वस्तीतच उतरवला. राबाला, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, कामी येईल, असं भागाबाई म्हणाल्या. त्याच्या जागी टेंपोत पहिल्या खेपेचा, नाकारलेला पिवळा पेंढा चढवला होता. गायकवाडांनी तो ताडपत्रीखाली तसाच झाकून ठेवला होता.

मी दोन्ही नमुने वाडेकरांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक काळा, एक पिवळा, दोन्हींवर त्यांचीच सही. आणि सगळं सांगितलं, कपाटासकट. कामतलाही बोलावलं होतं. तो कानापर्यंत लाल झाला.

वाडेकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, पहिली रिजेक्शन नोट 'स्टँड्स विथड्रॉन'. म्हणजे मागे घेतली. सकाळची स्लिप रद्द. कारणाच्या रकान्यात लिहा, 'ड्यू टू क्लायमॅटिक कंडिशन्स'.

मी म्हणालो, "साहेब, हवामानाने नमुना कपाटावर ठेवला नव्हता. मी ठेवला होता."

"साळवी," वाडेकर म्हणाले, आणि त्या दिवशी मी त्यांच्या तोंडून पहिलं साधं मराठी वाक्य ऐकलं, "जास्त शहाणपणा करू नका. लिहा आणि सुटा."

मी लिहिलं आणि सुटलो. गायकवाडांचं नाव यादीत राहिलं. दोनच्या ठोक्याला कामगार बरण्या पिवळ्या पेंढ्यात भरायला लागले, आणि धक्क्यावर उभं राहून ते पाहताना मला सकाळपासून पहिल्यांदा भूक लागली. डबा उघडला तर भाजी आंबलेली. तरी खाल्ली.

कामत मात्र धक्क्यावरून हलेना. त्याने गायकवाडांना विचारलं की चांगला पेंढा ओळखायचा कसा. त्याने जन्मात पेंढा पाहिला नव्हता, हे त्याने सरळ सांगितलं. गायकवाडांनी मूठभर उचलला, दाबला आणि सोडला. उसळून वर आला तर कोरडा, दबून राहिला तर ओला. मग नाकाशी धरायला लावला. कामतने सगळं वहीत उतरवून घेतलं. पुढच्या वर्षीच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये सातवं कलम मराठीत आलं. पेंढा चालू हंगामाचा, कोरडा, पिवळा, मुठीत दाबून सोडल्यावर उसळणारा. वाडेकरांनी त्याला 'परफॉर्मन्स टेस्ट' असं नाव दिलं आणि हेड ऑफिसने कौतुकाचं पत्र धाडलं. कौतुक वाडेकरांचं.

गायकवाडांनी पुढे नऊ वर्षं पेंढा पुरवला. दर मे महिन्यात सही करायला यायचे. कलम न् कलम विचारायचे, आणि मी डबा आधीच संपवून बसायचो. शेवटी पेन उघडायचे, पण टेकवायच्या आधी एक प्रश्न नेमाने विचारायचे. त्यात कुत्सितपणा नसे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे.

"साहेब, समदं लिवलंय तसंच मी केलं, तर चालंल ना तुमाला?"

पुढे मी पर्चेस मॅनेजर होऊन रिटायर झालो. शेकडो पत्रं माझ्या सहीने गेली. प्रत्येकाच्या वेळी हा प्रश्न मी स्वतःला विचारला, आणि निम्मी पत्रं पुन्हा टाईप करायला दिली.